सात डावांवरून कारकीर्द सांगता येते का?

पीएचडीला अर्ज करणाऱ्या ज्युनिअर मंडळींचे संशोधन प्रस्ताव अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. त्यात एक विषय हमखास असतो: मशीन लर्निंग वापरून तरुण क्रिकेटपटूच्या कामगिरीचं भाकीत. आमच्या मिहानच्या परिसरात याचं नवल वाटायला नको. खापरीच्या पुढे वर्धा रोडने थोडं गेलं की जामठ्याचं स्टेडियम. मिहानमधल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारे निम्मे मित्र आयपीएलच्या दिवसांत काही ना काही मॉडेल चालवून बघत असतात. डेटा फुकट मिळतो, विषय आवडीचा असतो आणि गाईडलाही लगेच कळतो. मग अडतं कुठे?

अडतं ते डेटामध्ये. म्हणजे डेटा कमी पडतो असं नाही. आपल्या डेटात कोण आहे आणि कोण नाही, हे ठरवणारी एक यंत्रणा मागे काम करत असते आणि आपण तिच्याकडे बघतच नाही. आज हेच जरा सविस्तर सांगतो. उदाहरणं सगळी आपल्याच ओळखीची आहेत.

सुरुवात सोप्या प्रश्नापासून करू. विरारचा आयुष म्हात्रे, जन्म जुलै २००७. २०२५ च्या आयपीएलमध्ये ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर पडला आणि चेन्नईने त्याच्या जागी या सतरा वर्षांच्या मुलाला घेतलं. पहिल्याच सामन्यात मुंबईविरुद्ध १५ चेंडूंत ३२. पुढे बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. एकूण सात डाव, २४० धावा, स्ट्राइक रेट जवळपास १८९. आता तुम्हाला विचारलं की हा मुलगा पुढे काय करेल, तर तुमचं मॉडेल काय सांगेल?

बहुतेक प्रस्तावांतलं मॉडेल सांगेल: १८९. म्हणजे जे दिसलं तेच पुढे ओढायचं. हे चूक का आहे ते आधी हातानेच बघू, संगणक नको.

२४० धावा आणि १८८.९७ स्ट्राइक रेट म्हणजे १२७ चेंडू. बस, एवढाच आपला नमुना. टी-ट्वेंटीत आक्रमक सलामीवीराच्या एका चेंडूवरच्या धावा ०, १, ४, ६ अशा विखुरलेल्या असतात. त्यांचं प्रमाण विचलन साधारण २ धावा धरू. हा मी गणितासाठी धरलेला आकडा आहे, पण तुम्ही स्वतः काढलात तरी त्याच्या आसपासच येईल. १२७ चेंडूंच्या सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे २ भागिले १२७ चं वर्गमूळ, अंदाजे ०.१८ धावा. स्ट्राइक रेटच्या भाषेत १८ गुण. म्हणजे ९५ टक्के मर्यादा कुठून कुठे? साधारण १५४ पासून २२४ पर्यंत. एका टोकाला चांगला सलामीवीर आणि दुसऱ्या टोकाला आजवर न झालेला राक्षस! या नुसत्या आकड्याचा उपयोग काय?

आणखी एक गंमत बघा. त्या सातातला ९४ चा एक डाव बाजूला ठेवला तर उरलेल्या सहा डावांत १४६ धावा, म्हणजे सरासरी ३४ वरून २४ वर येते. स्ट्राइक रेट मात्र १८५ च्या आसपासच राहतो. एकाच खेळाडूचे दोन आकडे, एक एका डावावर तरंगणारा आणि दुसरा त्या मानाने टिकणारा. कशाचं भाकीत करायचं हे ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा असतो आणि प्रस्तावात त्यावर एक ओळसुद्धा नसते.

बेसबॉलवाल्यांनी शिकवलेली युक्ती

ही अडचण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चघळली ती अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी. एफ्रॉन आणि मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले १८ बॅटर घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी आणि त्यात यशस्वी फटके किती, एवढीच माहिती. रॉबर्टो क्लेमेंटेचे ४५ पैकी १८, म्हणजे ०.४००. थर्मन मन्सनचे ४५ पैकी ८, म्हणजे ०.१७८. प्रश्न असा की उरलेल्या हंगामात प्रत्येकजण किती करेल?

त्यांनी प्रत्येकाचा आकडा अठराही जणांच्या सरासरीकडे, म्हणजे ०.२६५ कडे ओढला, आणि चांगलाच ओढला. क्लेमेंटेला ०.२९४ दिलं, मन्सनला ०.२४७. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे ०.३४६ वर होता आणि मन्सन ०.३१६ वर. दोघांबाबतीत ओढलेला अंदाजही चुकलाच, पण कच्च्या आकड्यापेक्षा ते दोन्ही सत्याच्या जवळ होते. मन्सनचं तर बघा, पहिल्या ४५ संधींवरून ज्याला घरी पाठवलं असतं तो सरासरीच्या बराच वर निघाला. अठराही जणांच्या चुकांचे वर्ग एकत्र केले तर एकूण चूक साडेतीन पटीने कमी झाली.

यालाच श्रिंकेज म्हणतात. त्यामागची कल्पना साधी आहे. कोणाचाही आकडा म्हणजे थोडं कौशल्य आणि थोडं नशीब. जो यादीत सगळ्यात वर दिसतो त्याच्याकडे कौशल्य असतंच, पण नशीबही त्याच्या बाजूने झुकलेलं असण्याची शक्यता जास्त असते. पुढच्या वेळी कौशल्य सोबत येतं, नशीब येत नाही. म्हणून आकडा सरासरीकडे परततो. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं.

म्हात्रेवर लावून बघू. समजा त्याच्यासारख्या सलामीवीरांचा नेहमीचा स्ट्राइक रेट १४५ आहे, आणि त्या पूर्वज्ञानाला आपण ४०० चेंडूंचं वजन देतो. दोन्ही आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. खऱ्या प्रबंधात ते डेटावरून काढावे लागतात, आणि खरं काम तेच असतं. आता ४०० चेंडूंवर १४५ च्या दराने ५८० धावा, त्यात त्याच्या २४० मिळवल्या की ८२०. चेंडू ५२७. उत्तर १५५.६. आणि पुढच्या २०० चेंडूंत प्रत्यक्ष काय दिसेल असं विचारलं तर साधारण १२३ ते १८९.

जरा थांबून हा पल्ला बघा. आपण डोळ्यांनी पाहिलेला १८९ हा आकडा या पल्ल्याच्या वरच्या काठावर आलाय. आणि खालचा काठ, १२३, म्हणजे समाजमाध्यमांवर "फुगा फुटला" अशी पोस्ट पडेल इतका कमी. दोन्ही वेळी मुलगा तोच, कौशल्य तेच.

टॉम टँगो नावाच्या बेसबॉल विश्लेषकाने याच तत्त्वावर एक अगदी बाळबोध पद्धत बनवली. मागच्या तीन हंगामांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, सरासरीकडे ओढायचं, आणि वय २९ च्या अलीकडे असेल तर किंचित वाढवायचं, पलीकडे असेल तर किंचित घटवायचं. झालं. तिला त्याने नाव दिलं मार्सेल, 'फ्रेंड्स' मालिकेतल्या माकडाचं. म्हणणं असं की एवढं तर माकडालाही जमावं. तुमचं न्यूरल नेटवर्क या माकडाला हरवत नसेल तर ते कशाला चालवायचं? प्रत्येक प्रस्तावात अशी एक माकड-पद्धत तुलनेसाठी असलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखतीत परीक्षक नेमकं हेच विचारतात.

पण कांबळी?

इथपर्यंत सगळं पुस्तकात सापडतं. आता जिथे पुस्तक कमी पडतं तिथे येऊ.

विनोद कांबळी. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकरसोबत ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, त्यात कांबळीच्या नाबाद ३४९. सचिनच्या ३२६. १९९३ मध्ये कसोटीत आला. त्याचे पहिले आठ डाव असे: १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०. बेरीज ७९३, सरासरी ११३.

श्रिंकेज लावा. मधल्या फळीच्या चांगल्या फलंदाजाची सरासरी ४० धरा आणि तिला वीस वेळा बाद होण्याइतकं वजन द्या. उत्तर येतं ५९. कांबळीची कसोटी कारकीर्द संपली तेव्हा सरासरी होती ५४.२०. म्हणजे पद्धत अगदी जमली म्हणायची!

नाही जमली. ५४.२० मध्ये ते पहिले आठ डाव धरलेले आहेत. भाकीत पुढचं करायचं होतं. पुढच्या १३ डावांत त्याने २९१ धावा केल्या, सरासरी २२. सरासरीकडे परतणं म्हणजे ११३ वरून चाळिशी-पन्नाशीकडे येणं. ते तुम्हाला सरासरीच्या खाली नेऊन सोडत नाही. हा मुद्दा नीट पकडा, कारण "रिग्रेशन टू द मीन" हा शब्दप्रयोग हल्ली कुठल्याही घसरणीवर चिकटवला जातो.

मग बावीस कुठून आले? लोक सांगतात: आखूड टप्प्याचे चेंडू, वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज, बाकीचं तुम्ही ऐकलेलंच आहे. असेलही. पण संशोधक म्हणून आधी एक वेगळी शंका काढायला हवी. तेरा डावच का? कारण त्यानंतर त्याला संघातून काढलं. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची कसोटी, वय २३. कोणीही आपल्या शतकानंतर संघातून जात नाही. जातो तो अपयशाच्या पट्ट्यानंतरच. म्हणजे कुठल्याही वगळलेल्या खेळाडूची कारकीर्द जिथे संपते तिथे शेवटचा तुकडा वाईटच असणार. तसा नियमच आहे निवडीचा.

हे कागदावर करून बघता येतं. एक काल्पनिक फलंदाज घ्या, ज्याची खरी सरासरी आयुष्यभर ४० आहे, जराही वाढत नाही की घटत नाही. असे हजार फलंदाज संगणकावर खेळवा आणि नियम ठेवा: शेवटच्या दहा डावांची सरासरी २५ च्या खाली गेली की संघाबाहेर. आता बाहेर पडलेल्यांचा आलेख काढा. प्रत्येकाच्या कारकिर्दीत शेवटी एक सुंदर घसरण दिसेल. बघणारा म्हणेल, याचं तंत्र उघडं पडलं. मुळात कुणाचंच तंत्र बदललेलं नाही! आपण घसरणीवर थांबलो म्हणून घसरण दिसतेय. क्रमिक चाचण्यांवर काम करणाऱ्यांना हा थांबण्याचा नियम चांगला माहीत असतो. क्रीडा-विश्लेषणात मात्र तो सर्रास विसरला जातो.

म्हणजे कांबळीचं काहीच बिघडलं नव्हतं असं मी म्हणतोय का? नाही. तेरा डावांत २२ हे निव्वळ नशीब म्हणायला जरा जास्तच वाईट आहे. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे असलेल्या आकड्यांत बिघाडाचा भाग किती आणि थांबण्याच्या नियमाचा भाग किती, हे वेगळं काढता येत नाही. वेगळं काढायला चौदावा, पंधरावा, तिसावा डाव लागला असता. तो कसोटीत खेळवलाच गेला नाही. प्रथमश्रेणीत मात्र तो खेळत राहिला आणि ९,९६५ धावांवर ५९.६७ च्या सरासरीने थांबला. हा आकडा बघून मला दरवेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. पातळी वेगळी, गोलंदाज वेगळे, मान्य. तरीही.

पृथ्वी शॉचा आलेखही याच साच्यातला. २०१३ मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिस शील्डमध्ये ५४६. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४, कसोटी पदार्पणात शतक करणारा सगळ्यात तरुण भारतीय. पुढच्या कसोटीत ७० आणि नाबाद ३३. मग ऑस्ट्रेलियातल्या सराव सामन्यात झेल घेताना घोटा दुखावला आणि ती मालिका गेली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला ० आणि ४, आणि तिथेच कसोटी थांबली. पाच कसोटी, सरासरी ४२.३७. बेचाळीसवर वगळलं! पहिल्या तीन डावांत २३७ आणि नंतरच्या सहा डावांत १०२. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. फिटनेसपासून तंत्रापर्यंत कारणं छापून आली. मुंबई सोडून तो महाराष्ट्राकडे आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं. त्याची गोष्ट संपलीय असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी पंचविशीतल्या माणसाबद्दल लिहिलं होतं.

जामठ्यावरची एक सकाळ

आता उलट बाजू. ६ फेब्रुवारी २०१०, जामठा, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. लक्ष्मण जायबंदी, म्हणून रोहित शर्माचं पदार्पण ठरलं. नागपुरात, बनसोडला जन्मलेला मुलगा नागपुरातच कसोटी पदार्पण करणार. आणि नाणेफेकीच्या आधी, सरावात, वृद्धिमान साहाशी धडक होऊन त्याचा घोटा मुरगळला. साहा, जो यष्टिरक्षक म्हणून संघात होता, तो त्या दिवशी नुसता फलंदाज म्हणून खेळला. रोहितची कसोटी आली नोव्हेंबर २०१३ मध्ये, पावणेचार वर्षांनी. ईडन गार्डन्सवर १७७, लगेच पुढे वानखेडेवर नाबाद १११.

त्या पावणेचार वर्षांत एखादं मॉडेल रोहितबद्दल काय म्हणालं असतं? २०१२ संपताना वनडेत त्याचे पाच-साडेपाच वर्षांचे आकडे जमा होते. सरासरी तिशीच्या आसपास, शतकं दोन. २०१२ च्या श्रीलंका दौऱ्यात पाच डावांत मिळून १३ धावा. वय २५. नमुनाही छोटा नाही, म्हणजे श्रिंकेज फार हलवणार नाही. मॉडेल म्हणालं असतं: तीस, फार तर बत्तीस. आणि मॉडेलचं काही चुकलं नसतं.

जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला त्याला सलामीला पाठवलं. ८३ धावा. त्याच वर्षी बंगळुरूला २०९, पुढच्या वर्षी ईडनवर २६४. सलामीवीर म्हणून सरासरी पन्नाशीच्या वर, शतकं तीसहून जास्त. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच जामठ्यावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कर्णधार म्हणून १२०.

इथे कुठल्या चलाने भाकीत मोडलं? फलंदाजाच्या आकड्यांत ते चल नव्हतंच. कोणीतरी त्याची जागा बदलली. आणि त्याआधी, श्रीलंकेतल्या त्या १३ धावांनंतरही, कोणीतरी त्याला संघात ठेवलं. कांबळीला कसोटीत ५४ च्या सरासरीवर तेविसाव्या वर्षी थांबवलं गेलं. रोहितला वनडेत तीसच्या सरासरीवर पंचविसाव्या वर्षी आणखी संधी दिली गेली. प्रकार वेगळे, काळ वेगळा, तेव्हा ही तुलना सरळसोट करू नका. पण दोघांच्या कारकिर्दीत जो भाग निवड समितीच्या खोलीत ठरला तो धावफलकावरून दिसत नाही, आणि तोच भाग सगळ्यात वजनदार ठरला.

आणि संधी इतरांच्या दुखापतीवर, कोणत्या वर्षी कोणती जागा रिकामी आहे यावर, कधी कधी सरावातल्या एका धडकेवर अवलंबून असते. ऋतुराजचं कोपर दुखावलं नसतं तर आपल्याकडे म्हात्रेचे ते १२७ चेंडूही नसते. आकडेवारीच्या भाषेत सांगायचं तर निरीक्षण मिळणं न मिळणं हेच मुळात यादृच्छिक नाही. आधीच्या निकालावर पुढचं निरीक्षण अवलंबून आहे, आणि बाहेरच्या घटनांवरही.

वयाच्या आलेखांचंही हेच होतं. बेसबॉलमध्ये बिल जेम्सने १९८० च्या दशकात सांगितलं की बॅटरचं शिखर २७ च्या आसपास येतं. मग लोक प्रत्येक वयाची सरासरी काढायला लागले. पण ३४ व्या वर्षी कोण खेळतो? जे टिकले तेच. सामान्य खेळाडू तोवर घरी गेलेला असतो. त्यामुळे वयाचा आलेख शेवटाकडे फार छान दिसतो आणि तो खोटा असतो. तरुण बाजूलाही हेच लागू. सतराव्या वर्षी आयपीएल खेळणारा मुलगा "सतरा वर्षांच्या मुलांचा" प्रतिनिधी नसतो.

सूर्यकुमार यादव मार्च २०२१ मध्ये भारताकडून पहिला टी-ट्वेंटी खेळला तेव्हा तीस वर्षांचा होता. २०२२ या एका वर्षात त्याने आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत १,१६४ धावा केल्या, स्ट्राइक रेट १८७. आपला अमरावतीचा जितेश शर्मा अठ्ठाविसाव्या वर्षी आयपीएलमध्ये आला, आणि मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून बंगळुरूला २२८ चं लक्ष्य गाठून दिलं तेव्हा एकतीस वर्षांचा होता. "तरुण षटकारवीराचं भाकीत" असा प्रस्ताव लिहिताना ही माणसं तुमच्या डेटाच्या व्याख्येतूनच गळून पडतात. ज्या वयात तुम्ही खिडकी बंद केलीत त्यानंतर ती उगवली.

मग करायचं काय

हा विषय घेऊच नका, असं मी सांगणार नाही. उलट चांगला आहे, फक्त प्रश्न बदला.

पहिली गोष्ट, गट आधी ठरवा, यशस्वी लोकांकडे बघून मागे जाऊ नका. माझा आवडता गट म्हणजे १९ वर्षांखालील विश्वचषकाचे संघ. यादी आधीच छापलेली आहे, नंतर कोण चमकलं यावर ती बदलत नाही. २०१२ च्या अंतिम सामन्यात कर्णधार उन्मुक्त चंदने नाबाद १११ करून चषक आणला. भारताच्या वरिष्ठ संघाकडून तो कधीच खेळला नाही, पुढे अमेरिकेत गेला. २०१८ च्या अंतिम सामन्यात शतक होतं मनजोत कालराचं, नाबाद १०१. त्या संघाचा कर्णधार पृथ्वी शॉ आठ महिन्यांत कसोटी खेळला. त्याच संघात शुभमन गिल होता आणि अभिषेक शर्माही. अभिषेकचं भारतीय संघात पदार्पण जुलै २०२४ मध्ये, सहा वर्षांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध ५४ चेंडूंत १३५. एकाच संघातले, जवळपास एकाच वयाचे, एकाच चषकाचे हे सगळे. २०१८ मध्ये यातला षटकारवीर म्हणून तुम्ही कोणावर पैसे लावले असते?

दुसरी, पातळीचं भाषांतर. शाळेतल्या शंभर धावा म्हणजे रणजीतल्या किती? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १,००९ केल्या, संघाच्या ३ बाद १,४६५. समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये गुंडाळला गेला होता. विक्रम खरा, मेहनत खरी. पण यातून फलंदाजाबद्दल किती कळतं आणि सामन्याबद्दल किती? बिल जेम्सने १९८५ मध्ये खालच्या लीगमधले आकडे मोठ्या लीगच्या भाषेत बदलण्याची रीत दिली होती. आपल्याकडे तसं करायचं तर दोन्ही पातळ्यांवर खेळलेले खेळाडू लागतात, आणि ते पुन्हा निवडलेलेच असतात. त्या निवडीची दुरुस्ती कशी करायची, हा एका प्रबंधाला पुरेल इतका प्रश्न आहे. शोधायला बाहेर जायचीही गरज नाही. २०२४-२५ चा रणजी उपांत्य सामना मुंबई आणि विदर्भ याच जामठ्यावर खेळले. मुंबईकडून म्हात्रे खेळला आणि मोठी खेळी करू शकला नाही. विदर्भाकडून नागपूरचा दानिश मालेवार होता, ज्याने पुढच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ आणि ७३ केल्या. ही दोन मुलं दहा वर्षांनी कुठे असतील? आज दोघांचीही कारकीर्द सेन्सॉर्ड आहे, म्हणजे शेवट अजून दिसलेला नाही. सर्व्हायव्हल ॲनालिसिस शिकलेल्याला हे वाक्य लगेच कळेल, आणि शिकला नसाल तर या विषयासाठी न्यूरल नेटवर्कच्या आधी ते शिका.

तिसरी, एका आकड्याऐवजी पल्ला द्या, आणि तो पल्ला नंतर तपासता येईल असा लिहा. "मोठा खेळाडू होईल" हे तपासता येत नाही. "पुढच्या २०० चेंडूंत स्ट्राइक रेट १२३ ते १८९" हे येतं. असे शंभर पल्ले दिलेत तर साधारण पंचाण्णव खरे ठरायला हवेत. नव्व्याण्णव ठरले तरी गडबड आहे, तुम्ही उगाच रुंद पल्ले देताय.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. हे आकडे वाचणारे फक्त परीक्षक नसतात. अकादमीची फी भरणारे पालक असतात, दहावीनंतर शाळा सोडायची की नाही हे ठरवणारा मुलगा असतो. तुमच्या प्रबंधात "यशाची शक्यता ०.७" असं छापलंत तर ते ०.७ कोणत्या गटातलं, ते सांगणं तुमचं काम. आयपीएलपर्यंत पोहोचलेल्यांतलं ०.७ आणि जिल्ह्याच्या संघात खेळणाऱ्यांतलं ०.७ यात एका मुलाची अख्खी विशी येते. मॉडेलच्या अचूकतेवर पाच पानं आणि यावर दोन ओळी, असे प्रस्ताव मी परत पाठवतो.

चेंडूगणिक डेटा हवा असेल तर क्रिकशीटवर फुकट आहे. आयपीएल, आंतरराष्ट्रीय सामने, सगळं नीट फाइलमध्ये. सुरुवात करताना आधी एकच तक्ता बनवा: २०१८ च्या त्या १९ वर्षांखालील संघातल्या प्रत्येकाचं नाव, आणि त्यापुढे वरिष्ठ पातळीवर प्रत्येक वर्षी खेळलेल्या चेंडूंची संख्या. धावा नकोत, फक्त चेंडू. बऱ्याच रकान्यांत शून्य येतील. ती शून्यं पुसू नका, डेटा स्वच्छ करण्याच्या नावाखाली तर मुळीच नको. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांच्यावर लिहायचं आहे.